कांदळवन, रेशनचा गहू आणि आपलं क्षारपड रान



शिरोळच्या पट्ट्यात उन्हाळ्यात फिरलं की काळ्या रानावर पांढरं मीठ फुललेलं दिसतं. अशा रानातल्या उसाच्या कांड्या आखूड राहतात, फुटवा कमी निघतो, पानांचे शेंडे करपतात. हे मीठ उसाच्या आत जाऊन काय करतं, याचा अभ्यास आपल्या कोल्हापुरातच, शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात झालाय. तो ज्यांनी केला ते प्राध्यापक जी. व्ही. जोशी. आपल्यातल्या फार थोड्यांना हे नाव माहीत असेल, म्हणून आज त्यांच्या कामाचा इतिहास लिहितोय.

सुरुवात अमेरिकेतल्या एका निबंधापासून करू. १९६२ साली 'प्लांट फिजिऑलॉजी' या नियतकालिकात जोशी, डोलन, गी आणि सॉल्टमन या चौघांचा निबंध आला. झाड अंधारातसुद्धा हवेतला थोडा कार्बन धरून ठेवतं. त्यात मीठ आलं तर काय फरक पडतो, आणि समुद्रातली वनस्पती व जमिनीवरची वनस्पती यांत हा फरक सारखाच असतो का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं. जोशी सर पुढं इथं आले आणि मिठाचा प्रश्न घेऊनच आले.

इथं त्यांनी कांदळवनाची झाडं अभ्यासाला घेतली. कांदळवन म्हणजे खाडीच्या चिखलात, भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभी राहणारी झाडं. ती मरत कशी नाहीत? तिवराच्या पानावर मीठ बाहेर टाकणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. पान जिभेला लावलं तर खारट लागतं. कांदळाचं मूळ बहुतेक मीठ बाहेरच अडवतं. १९७५ साली जोशी, जमाले आणि भोसले यांनी कांदळवनातली झाडं क्षारांचा तोल कसा सांभाळतात यावर लिहिलं. जगभरचे अभ्यासक आजही त्या कामाचा दाखला देतात.

आता पैशाची गोष्ट. १९७६ साली त्यांचा खाऱ्या परिस्थितीतल्या प्रकाशसंश्लेषणावरचा अहवाल विद्यापीठातून निघाला. तो 'पी. एल. ४८०' प्रकल्पाचा अहवाल होता. हे नाव जुन्या माणसांना आठवत असेल. अमेरिकेच्या १९५४ च्या कायद्याखाली आपल्याकडं गहू आणि मिलो यायचा. आमच्या वडिलांच्या पिढीनं तो रेशनवर रांग लावून खाल्लाय. त्या धान्याचे पैसे भारत रुपयांत भरायचा आणि त्यातला काही भाग इथल्याच संशोधनावर खर्च व्हायचा. म्हणजे रेशनच्या गव्हाच्या पैशावर कोल्हापुरात मिठाचा अभ्यास चालला.

सगळंच बरोबर ठरलं असंही नाही. उसाची कार्बन धरायची रीत वेगळी असते. त्यात आधी चार कार्बनचा पदार्थ तयार होतो, म्हणून तिला सी-४ म्हणतात. हवाई बेटांवरच्या शास्त्रज्ञांनी १९६५ साली उसावरच ते दाखवलं. कांदळवनातही तशीच रीत असावी, असं जोशी सरांच्या गटाला त्यांच्या प्रयोगांवरून वाटलं होतं. पुढं इतर ठिकाणी मोजमापं झाली तेव्हा ही झाडं भात-गव्हासारखी साधी सी-३ निघाली. यात कमीपणा नाही. कुणीतरी ठामपणे मांडल्याशिवाय दुसरा तपासणार कसा?

आपल्या कामाचा भाग यानंतर येतो. १९८० साली जोशी आणि नाईक यांनी वेगवेगळ्या प्रकारच्या क्षारांना ऊस कसा प्रतिसाद देतो यावर 'प्लांट अँड सॉइल'मध्ये निबंध लिहिला. १९८३ साली प्रोलीनवर लिहिलं. प्रोलीन हे एक अमिनो आम्ल. ताण आला की झाडात ते साठतं, म्हणून ते झाडाला वाचवत असावं असा समज होता. क्षाराच्या ताणातल्या उसात प्रोलीनचा उपयोग होत नाही, असं निबंधाच्या शीर्षकातच आहे. 'क्षारपड रानाला अमिनोची फवारणी घ्या' म्हणून कुणी बाटली पुढं केली, तर मला हे शीर्षक आठवतं.

उसाला तिवरासारख्या ग्रंथी नाहीत. अमेरिकेतल्या मास आणि हॉफमन यांचा १९७७ चा तक्ता सांगतो की जमिनीची ईसी १.७ च्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एका अंकाला उसाचं उत्पन्न सुमारे ५.९ टक्के घटतं. ईसी ६ झाली तर पाव ऊस गेला. बार्लीला हीच मर्यादा ८ आहे. एक खबरदारी घ्या. हा आकडा माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काचा आहे. आपल्याकडच्या अहवालात बहुधा जास्त पाणी घालून मोजलेली ईसी असते, ती कमी दिसते. दोन्ही आकडे थेट ताडून बघू नका, प्रयोगशाळेत पद्धत विचारा.

या सगळ्याचा मी लावलेला अर्थ असा : उसाला मीठ सोसायला शिकवण्यापेक्षा मीठ रानातून काढणं खरं. चर काढा, जमलं तर शेजाऱ्यांना घेऊन सच्छिद्र पाईपचा निचरा करा. वाफसा बघून पाणी द्या, धैंचा गाडा. जिप्सम टाकायचं ते चोपण रानात, आणि तेही माती तपासूनच. नुसत्या खारवट रानाला निचरा आणि गोडं पाणी लागतं.

तुमच्या रानाचा सामू आणि ईसी किती आली ते खाली लिहा. कोणत्या पद्धतीनं मोजली तेही लिहा.