मुक्या सांध्यांची साक्ष

गोळीचा घाव अंगावर आपली खूण ठेवून जातो. ओल, थंडी आणि लांब कूच यांनी झिजलेले सांधे मात्र मुके असतात. त्यांची वेदना रणभूमीवरून आली हे सिद्ध करावयाचे कसे, हा प्रश्न अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर संघराज्याच्या बाजूने लढलेल्या कित्येक सैनिकांपुढे उभा राहिला.

युद्ध चालू असतानाच, १४ जुलै १८६२ रोजी, सेवेत आलेल्या पंगुत्वाबद्दल निवृत्तिवेतन देण्याचा कायदा झाला. पूर्णतः पंगू झालेल्या साध्या शिपायास दरमहा ८ डॉलर मिळत. ज्याचा हात तुटला, त्याला पुराव्यासाठी फार हिंडावे लागत नसे. पण चिखलात झोपून, भिजल्या कपड्यांनी पहारे देऊन ज्याला संधिवात जडला, त्याची गत निराळी होती. लष्करी रुग्णालयाच्या नोंदवहीत नाव सापडले तर ठीक. परंतु कित्येकांनी दुखणे अंगावरच काढलेले असे. मग अधिकाऱ्याचे, ते न मिळाल्यास सोबत्यांचे प्रतिज्ञालेख जमवावे लागत. भरतीपूर्वी हा इसम धडधाकट होता असे शेजाऱ्यांनी सांगावे, परतल्यापासून तो लंगडतो असे डॉक्टराने लिहावे, आणि अखेरीस सरकारी वैद्यांनी त्याचा गुडघा वाकवून पाहावा. वर्षे लोटत, साक्षीदार दिवंगत होत, आणि दुखणे युद्धाचे की वार्धक्याचे हा संशय बळावत जाई.

२७ जून १८९० च्या कायद्याने हा गुंता सोडविला नाही. तो बाजूस सारला. किमान ९० दिवस सेवा करून सन्मानाने मुक्त झालेला, पण अंगमेहनतीस असमर्थ असा सैनिक, दुखण्याचे मूळ सेवेत नसले तरी, दरमहा ६ ते १२ डॉलरांस पात्र ठरला. दुर्वर्तनाने ओढवलेले दुखणे तेवढे वगळले गेले.

पुराव्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न पुढे भारतातही आला. १९८२ च्या नियमांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्णय दिला की, भरतीच्या वेळी नोंद नसलेल्या व्याधीमुळे सैनिकास सेवा सोडावी लागली, तर ती व्याधी सामान्यतः सेवेतूनच आली असे मानावे. तसे नसल्याचे सिद्ध करणे हे सरकारचे काम. भरतीच्या दिवशी सरकारनेच ज्याचे शरीर तपासून निर्दोष ठरविले, त्याच्याकडे पुन्हा साक्षीदार मागणे न्यायाचे नव्हे, हाच या निर्णयाचा मथितार्थ होय.