कारखान्यातील सायलेन्सरची रचना आणि स्पोर्ट्‌स गाडीची कार्यक्षमता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

‘सायलेन्सर’ या नावामुळे वाहनाच्या या भागाचे कार्य केवळ आवाज दाबणे एवढेच आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यातूनच आणखी एक समज रूढ झाला आहे. कंपनीने बसविलेला सायलेन्सर इंजिनाची शक्ती अडवून धरतो. तो काढून मोकळी नळी बसविली की गाडी अधिक वेगाने धावते, असा तो समज होय. देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावापासून पुण्या-मुंबईपर्यंत अनेक तरुण आपल्या दुचाकींवर व मोटारींवर याच विश्वासाने पैसे खर्च करतात. हा समज कोठून आला आणि तो कितपत खरा आहे, याचा तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या आधारे शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शास्त्रीय पार्श्वभूमी

इंजिनाची निकास झडप उघडताच जळालेल्या वायूबरोबर दाबाची एक लाट नळीत शिरते. तप्त वायूत ती सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने पुढे जाते. नळीच्या मोकळ्या टोकाशी, किंवा नळी जेथे एकदम रुंद होते तेथे, ती कमी दाबाची लाट होऊन परत फिरते. आवक व निकास या दोन्ही झडपा काही क्षण एकाच वेळी उघड्या असतात. ही लाट नेमकी त्या क्षणी पोहोचली, तर उरलेला जळका वायू ओढला जातो आणि त्याच्या जागी ताजे मिश्रण आत येते.

एका साध्या गणिताने हे स्पष्ट होईल. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात पूर्ण होतो. लाट एक तृतीयांश फेऱ्यात परत यावी असे मानल्यास तेवढ्या वेळात ती सुमारे १.६७ मीटर अंतर कापते. म्हणजे नळीची लांबी सुमारे ८३ सेंटिमीटर असावी लागते. इंजिन ३,००० फेऱ्यांवर आले की तीच लाट एक षष्ठांश फेऱ्यातच, म्हणजे वेळेआधी परत येते. तात्पर्य, कोणतीही एक नळी सर्व वेगांना सारखी अनुकूल नसते. नळी गरजेपेक्षा रुंद केली तर वायूची गती मंदावते आणि कमी फेऱ्यांवरील ओढ घटते.

शर्यतीच्या मैदानातील प्रयोग

या तत्त्वाचा सर्वांत प्रभावी उपयोग पूर्व जर्मनीतील एमझेड या मोटारसायकल कंपनीत झाला. तेथील अभियंता वॉल्टर काडेन याने १९५० च्या दशकात टू-स्ट्रोक इंजिनासाठी आधी रुंद होत जाणारी व नंतर निमुळती होणारी नळी विकसित केली. टू-स्ट्रोक इंजिनात जळक्या वायूबरोबर ताजे मिश्रणही बाहेर निसटते. नळीच्या निमुळत्या भागावरून परतणारी दाबाची लाट ते पुन्हा आत ढकलते. १९६१ मध्ये एमझेडच्या १२५ सीसी इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि हे ज्ञान सुझुकीकडे पोहोचले. १९६२ मध्ये त्याने सुझुकीसाठी ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळविले. येथे लक्षात घेण्याची बाब अशी, की ही शक्ती नळी मोकळी सोडून मिळालेली नव्हती. नळीचा शेवट मोजूनमापून अरुंद केल्याने ती मिळाली होती.

स्पोर्ट्‌स मोटारींच्या बाबतीत फोर्ड जीटी४० चे उदाहरण महत्त्वाचे ठरते. तिच्या व्ही-८ इंजिनाच्या एकाच बाजूच्या चार सिलिंडरांतील स्फोट समान अंतराने होत नसत. त्यामुळे समोरासमोरच्या बाजूंच्या नळ्या एकमेकींत गुंफून लाटांचा क्रम समान करण्यात आला. जीटी४० मालिकेतील गाड्यांनी १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षे ल मान्सची शर्यत जिंकली. या यशास इतर अनेक कारणे असली, तरी नळ्यांची रचना हा इंजिनाच्या आराखड्याचाच भाग मानला गेला होता, हे त्यावरून दिसते.

महाराष्ट्रातील अनुभव

आपल्याकडील समजाचे मूळ मात्र शर्यतीपेक्षा स्कूटरच्या गॅरेजमध्ये असावे. १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीहून आलेली बजाज चेतक टू-स्ट्रोक होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे आणि त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साचे. मेकॅनिक तो उतरवून तापवीत, काजळी झाडून काढीत आणि गाडीची ओढ परत येई. तुंबलेला सायलेन्सर शक्ती खातो, हा अनुभव खराच होता. परंतु त्यावरून ‘सायलेन्सर शक्ती खातो’ असा सरसकट निष्कर्ष लोकमानसात रुजला असावा.

याच कंपनीने २००१ मध्ये फोर-स्ट्रोक पल्सर आणली. पुढे त्याच दशकात तिच्या नळीवर इंजिनाजवळ एक छोटी पोकळ पेटी जोडली आणि तिला ‘एक्झॉस्टेक’ असे नाव दिले. कमी फेऱ्यांवरील ओढ वाढविणे हा तिचा हेतू होता. म्हणजे कारखान्याने नळी मोकळी न करता तिच्यात एक अवयव वाढविला. सर्वसामान्य ग्राहकाला शहरात व घाटात लागणारी ओढ ही अशी, मधल्या फेऱ्यांवरची असते.

कायदा आणि तडजोड

कारखान्यातील रचना ही निव्वळ शक्तीसाठी नसते, हेही मान्य केले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार सायलेन्सर बंधनकारक आहे. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला, तर १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाली. परिवर्तक वायूच्या वाटेत काही रोध निर्माण करतो. त्यामुळे उच्च फेऱ्यांवर थोडी शक्ती कमी होते, या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु नव्या गाड्यांत निकास नळीतील ऑक्सिजन संवेदक इंधनाचे प्रमाण ठरविण्यास साह्य करतो. इंधनाची मांडणी न बदलता केवळ नळी बदलल्यास मिश्रण बिघडण्याचा संभव असतो. शिवाय मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अनधिकृत फेरबदलासाठी मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरविला आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते, की नळीच्या रचनेचा स्पोर्ट्‌स गाडीच्या कार्यक्षमतेवर निश्चित परिणाम होतो. मात्र तो नळी मोकळी असण्याने होत नाही. तिची लांबी, रुंदी व आकार इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळण्यावर तो अवलंबून असतो. शर्यतीत हे जुळविणे एका वेगापुरते असते. कारखान्याला मात्र अनेक वेग, आवाज, धूर आणि किंमत यांचा एकत्र मेळ घालावा लागतो. सायलेन्सर काढल्यावर वाढलेला आवाज म्हणजे वाढलेली शक्ती नव्हे. यंत्रशाळेत व वर्गात हे गणित विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतल्यास, दंडाच्या भीतीने जे साधत नाही ते काही अंशी साधेल.