टिळक, नारायण वामन : ख्रिस्तभक्ती

(१८६१–१९१९). येशूशी व्यक्तिगत नाते जडवण्याची वाट मराठी भक्तिपरंपरेतून काढणारे कवी. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे १९०० मध्ये दीक्षा घेतली.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे टिळक म्हणत. त्यांच्या अभंगांतला येशू सखा, गुरू, माउली होऊन येतो. भक्त त्याच्याशी बोलतो, रुसतो, हट्टही धरतो. अभंग, भजन आणि कीर्तन त्यांनी उपासनेत आणले. टिळक मिशनच्या पगारी चाकरीत होते; तिच्यात येशूशी असलेले हे नाते आखडते, असे वाटून १९१७ मध्ये ती सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. त्या काळी हे धाडसच. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.