रेडिओवरचे गाणे आणि प्रार्थनेचे पुस्तक

मंडळी, आज आपण अमेरिकेतल्या ज्यू मुलांच्या उन्हाळी शिबिरांबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल. रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यात धर्माचा अर्थ शोधायचा, हे कितपत खरे आणि कितपत ओढूनताणून?

आधी शिबिरांविषयी थोडेसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांतल्या गरीब स्थलांतरितांच्या मुलांना मोकळी हवा मिळावी म्हणून ती सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे काम बदलले. युरोपातले साठ लाख ज्यू मारले गेले होते. ज्या गावांतून, पाठशाळांतून परंपरा चालत आली, त्यांतली कितीतरी उरलीच नव्हती. इकडे अमेरिकेतली मुले उपनगरांत सुखात वाढत होती आणि त्यांतल्या पुष्कळांना हिब्रू प्रार्थना म्हणता आली तरी कळत नव्हती. मग १९४७ साली विस्कॉन्सिन राज्यात रामाह चळवळीचे पहिले शिबिर भरले. १९५२ साली त्याच राज्यात ओकोनोमोवॉकला सुधारणावादी पंथाचे शिबिर निघाले. पुढे कशाची धास्ती होती ते लक्षात घ्या. ही पिढी निसटली तर पुढे काय, ही ती धास्ती.

या शिबिरांच्या जगातून डेबी फ्रीडमन (१९५१–२०११) या गायिका पुढे आल्या. हातात गिटार, कानात त्या काळचे लोकगीतांचे रेकॉर्ड. त्यांनी सांगितलेली एक आठवण आहे. काही मुले जेम्स टेलर, जोनी मिचेल यांची गाणी घेऊन स्वतःची प्रार्थनासभा रचत होती. फ्रीडमन यांनी त्यांना 'व्ही-आहवता' ही तोरामधली जुनी प्रार्थना नव्या चालीवर शिकवली. देवावर सर्व अंतःकरणाने प्रेम करावे, असा तिचा आशय. मुले एकमेकांच्या हातात हात घालून गायला लागली आणि रडायला लागली. शब्द तेच, हजारो वर्षांचे. पण या वेळी ते मुलांना आपले वाटले.

आता आक्षेप ऐकूया, कारण तो पोकळ नाही. सिनेगॉगमधले जुने गायक म्हणत, हे शेकोटीभोवतीचे संगीत झाले. चाल लक्षात राहील, अर्थ विसरला जाईल. आणि प्रत्येक गाण्यात धर्म दिसायला लागला तर धर्म वेगळा असा उरला कुठे?

पण हा वाद गिटारच्याही आधीचा आहे. इस्राएल नजारा या कवीचा पदसंग्रह १५८७ साली सफेद या गावी छापला गेला. त्याने तुर्की, अरबी, स्पॅनिश लोकप्रिय गाण्यांच्या चालींवर हिब्रू भक्तिपदे रचली आणि कुठली चाल तेही नोंदवले. आपल्या जुन्या पदांच्या पुस्तकांत 'चाल –' असे लिहिलेले असते ना, तसेच. मेनाहेम लोन्झानो या विद्वानाने त्यावर टीका केली, की ही तर प्रेमगीतांची भाषा! पण नजाराची पदे आजही शब्बाथच्या जेवणाला गातात. हसिदी पंथात तर अशी कथा सांगतात, की हंगेरीतल्या कालिव्हच्या रब्बींनी एका गुराख्याकडून त्याचे गाणे विकतच घेतले. त्यामागची समजूत अशी, की पवित्र ठिणग्या जगभर विखुरल्या आहेत आणि त्या सोडवून आणणे हे माणसाचे काम.

आणि लांब कशाला जायचे? आपल्या मुंबईत १८८०च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी मराठीत कीर्तने सुरू केली. कथा अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या आणि चाली साकी, दिंडीच्या. शेजारच्या घरातले गाणे घेऊन आपल्या घरची गोष्ट सांगितली, इतकेच.

मग कसोटी काय? आमच्या मते एकच. गाणे ऐकून माणूस मूळ ग्रंथाकडे परत जातो का?

दोन उदाहरणे घेऊ. 'टर्न! टर्न! टर्न!' हे गाणे १९६५ साली बर्ड्‌स या बँडने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. चाल पीट सीगर यांची. ते ज्यू नव्हते. शब्द जवळजवळ सगळे कोहेलेत म्हणजे उपदेशक या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातले, जो शरद ऋतूत मांडवांच्या सणाला सिनेगॉगमध्ये वाचतात. मूळ ग्रंथ युद्धाची वेळ आणि शांततेची वेळ शेजारी ठेवून थांबतो. सीगर यांनी शांततेच्या बाजूने स्वतःचे चार-सहा शब्द घातले. व्हिएतनाम युद्धाच्या त्या वर्षात तो फरक फार मोठा होता. जुन्या शब्दांच्या फटीत नवा अर्थ भरणे, यालाच रब्बी मिद्राश म्हणत आले.

दुसरे, लिओनार्ड कोहेन यांचे १९७४चे 'हू बाय फायर'. त्याचा सांगाडा 'उनेताने तोकेफ' या प्रार्थनेचा आहे. येत्या वर्षी कोण आगीने मरेल, कोण पाण्याने, अशी ती यादी नववर्षाला आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी म्हणतात. आता हे दोन कागद शेजारी ठेवून मुलांना जोडीजोडीने वाचायला बसवा. ज्यू पाठशाळांची जुनी पद्धत तीच. प्रार्थनेला उत्तर आहे: पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्म. कोहेन यांच्या गाण्यात उत्तर नाही. हे बोलावणे नेमके कुणाचे, असा उलटा सवालच आहे. सोळा वर्षांच्या मुलाला हा फरक दिसला, की तो विचारतो, 'मग मला कुठले खरे वाटते?' असे विचारणारा मुलगा हातातून निसटलेला नाही.

फ्रीडमन यांनी पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस रब्बी ड्रोरा सेटेल यांच्यासह आजाऱ्यांसाठीच्या 'मी शेबेराख' प्रार्थनेला चाल दिली. आज कितीतरी सिनेगॉगमध्ये लोक नातेवाइकांची नावे घेतात आणि मग तीच चाल गातात. त्यांच्या निधनानंतर हिब्रू युनियन कॉलेजच्या गायक घडवणाऱ्या विद्यालयाला त्यांचेच नाव दिले गेले. म्हणजे शेकोटीचे गाणे शेवटी वेदीपर्यंत पोचले.

आक्षेप संपला असे आम्ही म्हणणार नाही. चाल आणि अर्थ यांची ताटातूट होऊ शकते, रोज होते. पण रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाला ओठांवर येईल अशी प्रार्थना त्या शिबिरांच्या परंपरेने दिली, हेही तितकेच खरे आहे.