रईस शेख कोण आहेत आणि भिवंडीच्या आमदाराच्या हातात नेमकं काय असतं?

पावसाळ्यात भिवंडीच्या एखाद्या ग्रुपवर खड्ड्याचा फोटो पडला की खाली कमेंट ठरलेली असते, "आमदार कुठे आहेत?" प्रश्न रास्त आहे. पण कोणते आमदार? कारण भिवंडीच्या नावाचे विधानसभा मतदारसंघ एक नाही, तीन आहेत.

अनुसूचित जमातीसाठी राखीव असलेल्या भिवंडी ग्रामीणमधून शिवसेनेचे शांताराम मोरे आणि भिवंडी पश्चिममधून भाजपचे महेश चौघुले हे दोघं २०१४ पासून सलग तीनदा निवडून आले आहेत. तिसरे भिवंडी पूर्वचे रईस शेख. हे समाजवादी पक्षाचे. आज विषय त्यांचा, कारण त्यांची कारकीर्द बघितली की आमदाराच्या हातात काय असतं आणि काय नसतं, ते नीट कळतं.

शेख यांचं राजकारण भिवंडीत नाही, मुंबईत उभं राहिलं. मुंबई महापालिकेत ते २०१२ आणि २०१७ असे दोनदा नगरसेवक झाले, आधी गोवंडीतून आणि मग भायखळा-नागपाड्याच्या पट्ट्यातून. महापालिकेत ते समाजवादी पक्षाचे गटनेते होते. २०१९ मध्ये आमदार झाल्यावरही त्यांनी नगरसेवकपद सोडलं नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपेपर्यंत ते दोन्हीकडे होते. असं चालतं का? चालतं. खासदार आणि आमदार एकाच वेळी राहता येत नाही, पण आपल्याकडे नगरसेवक आणि आमदार एकाच वेळी असलेले अनेक जण होऊन गेलेत.

आता हा मतदारसंघ बघा. पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये भिवंडी पूर्वची पहिली निवडणूक झाली आणि अबू आझमी निवडून आले. पण ते त्याच वेळी मानखुर्द-शिवाजीनगरमधूनही जिंकले होते. त्यांनी मानखुर्द ठेवलं, भिवंडी सोडली. २०१० ला पोटनिवडणूक लागली आणि तिथे शिवसेनेच्या रूपेश म्हात्रे यांनी आझमींच्या मुलाला, फरहान आझमींना हरवलं. २०१४ लाही म्हात्रेच आले. म्हणजे 'मुंबईचा उमेदवार' हा शब्द भिवंडी पूर्वच्या मतदारासाठी नवा नाही. त्याला त्याचा अनुभव आहे.

त्यामुळे २०१९ ला शेख जिंकले ते १,३१४ मतांनी. समोर म्हात्रे होते आणि काँग्रेसचे संतोष शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर राहिले. २०२४ मध्ये हाच फरक ५२ हजारांवर गेला. ही सगळी पाच वर्षांच्या कामाची पावती, असं समर्थक म्हणतील. कामाचा वाटा असेलही, पण गणित बदललं होतं हे विसरून चालणार नाही. २०१९ ला समाजवादी आणि काँग्रेस एकमेकांसमोर होते. २०२४ ला महाविकास आघाडीने ही जागा समाजवादी पक्षाला सोडली आणि समोर महायुतीकडून शेट्टीच उभे राहिले, यावेळी शिंदेंच्या शिवसेनेचे.

विधानसभेत २८८ आमदार आणि त्यात समाजवादी पक्षाचे दोन, आझमी आणि शेख. २०१९ लाही दोन, २०२४ लाही दोनच. सभागृहात बोलायला मिळणारा वेळ पक्षाच्या संख्येवर ठरतो, त्यामुळे अशा पक्षाच्या आमदाराला मिनिटं मोजून मिळतात. पण कधीकधी दोन मतांचाही भाव वधारतो. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत एकेका मतासाठी धावपळ चालली होती, तेव्हा या दोघांकडे सगळ्यांचं लक्ष होतं. आणि लगेच ३ जुलैला, विधानसभा अध्यक्षांच्या निवडणुकीत, हे दोघं तटस्थ राहिले. आमदाराचं रेकॉर्ड म्हणजे फक्त उद्घाटनाच्या फिती नाहीत, कुठल्या मतदानात तो कुठे उभा राहिला हेही त्यातच येतं.

मग त्या खड्ड्याचं काय? शहरातला रस्ता बहुतेक वेळा भिवंडी-निजामपूर महापालिकेचा असतो, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, तर ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या कामाची जबाबदारी एमएमआरडीएची. महापालिकेची मुदत जून २०२२ मध्ये संपली आणि नंतरची अनेक वर्षं कारभार प्रशासकाच्या हातात गेला. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर नळापासून नाल्यापर्यंतची प्रत्येक तक्रार आमदाराच्या दारात येणारच. आमदाराकडे स्वतःचा असा वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, पण त्यातही तो काम सुचवतो, मंजुरी आणि पैसा जिल्हा प्रशासनाकडून जातो. सात लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात ५ कोटींनी काय काय होणार, याचा अंदाज करा.

धोकादायक इमारतींचंही तसंच. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली आणि जवळपास ४० जणांचा जीव गेला. इमारत धोकादायक ठरवणं, नोटीस देणं, रिकामी करणं हे महापालिकेचं काम. पण रिकामी करून त्या कुटुंबांनी जायचं कुठे, पुनर्विकासाला किती एफएसआय द्यायचा, हे राज्याचं धोरण ठरवतं. आमदाराचा जोर तिथे लागायला हवा.

आमदाराचं खरं वजन कळतं ते विजेच्या बिलावर. भिवंडी म्हणजे लूम. इथले बरेचसे छोटे कारखानदार स्वतःचं कापड विकत नाहीत. ते व्यापाऱ्याचं सूत घेतात आणि मजुरीवर विणून देतात. ही मजुरी 'पिका'वर ठरते, म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे किती धागे बसले त्यावर, आणि हिशोब पैशांत असतो. जिथे कमाई पैशांत मोजतात, तिथे विजेचा दर एका रुपयाने हलला तर कारखाना चालू ठेवायचा की माग भंगारात काढायचा, हा निर्णय बदलतो.

शहरात वीज वाटप आणि वसुली २००७ पासून टोरंट पॉवर करते. पण टोरंट ही महावितरणची फ्रँचायझी आहे, दर ती ठरवत नाही. दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. आणि यंत्रमागाला त्या दरात जी सवलत मिळते, ती राज्य सरकार वस्त्रोद्योग खात्यामार्फत देतं. म्हणजे पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो, आणि अर्थसंकल्प आमदारांच्या मताने मंजूर होतो. कंपनीच्या ऑफिसवर मोर्चा नेला तर फोटो चांगले येतात, पण सवलतीचा निर्णय मंत्रालयात होतो.

राज्याने यंत्रमागाच्या अडचणी बघण्यासाठी मंत्री दादा भुसे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्यात शेख होते. मार्च २०२४ मध्ये सरकारने अतिरिक्त सवलत जाहीर केली. २७ अश्वशक्तीपेक्षा कमी जोडभाराच्या यंत्रमागांना युनिटमागे १ रुपया आणि त्यापेक्षा मोठ्यांना ७५ पैसे. साधा माग साधारण एक अश्वशक्तीचा धरला तर पंचविसेक मागांचा कारखाना पहिल्या गटात बसतो. हे यश एकट्या शेख यांचं म्हणता येत नाही, इचलकरंजी, मालेगाव, सोलापूरचाही रेटा होता. पण विरोधी बाकावरच्या, दोन आमदारांच्या पक्षाच्या माणसाला समितीत बसून काम करता येतं, हे यातून दिसतं. मग अडचण आली ऑनलाइन नोंदणीच्या अटीची. कागद जुने, जागा भाड्याची, मीटर तिसऱ्याच्या नावावर, असे कारखाने भिवंडीत गल्लोगल्ली आहेत. ही अट शिथिल करा, अशी मागणी पुन्हा सरकारकडेच न्यावी लागली.

याच दरम्यान, एप्रिल २०२४ मध्ये, 'रईस शेख यांचा राजीनामा' अशी बातमी फिरली. पण तो राजीनामा त्यांनी पाठवला होता पक्षाचे प्रदेशाध्यक्ष अबू आझमी यांच्याकडे. आमदारकीचा राजीनामा राज्यघटनेप्रमाणे विधानसभा अध्यक्षांकडे द्यावा लागतो आणि त्यांनी तो स्वीकारावा लागतो. त्यामुळे त्यांची आमदारकी गेलीच नाही, आझमींनी राजीनामा नाकारला आणि विषय तिथेच मिटला. व्हॉट्सॲपवर मात्र ते तोवर 'माजी' होऊनही गेले होते.

तुमच्या आमदाराचं काम तपासायचं असेल तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं आणि कामकाज बघायला मिळतं. तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतो तो. अतारांकितचं उत्तर लेखी येतं. लक्षवेधी सूचनेवर मंत्र्याला निवेदन करावं लागतं. मालमत्ता, शिक्षण, दाखल खटले हे सगळं निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात असतं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतं. यादीत नाव शोधताना मतदारसंघ क्रमांक लक्षात ठेवा: भिवंडी ग्रामीण १३४, पश्चिम १३६, पूर्व १३७. मधला १३५ शहापूरचा आहे.