हृद्‌स्नायूतील ऊर्जानिर्मिती व ऑक्सिडीकारक ताण
ऑक्सिजनापासून निर्माण होणारे अतिक्रियाशील रेणू आणि त्यांचा नाश करणारी कोशिकेतील संरक्षक यंत्रणा यांतील समतोल ढळला म्हणजे जी स्थिती उद्‌भवते, तिला ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. हृदयाच्या बाबतीत तिला विशेष महत्त्व आहे. हृदय दिवसातून सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. परंतु त्यासाठी लागणाऱ्या अ‍ॅडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) या ऊर्जावाहक संयुगाचा त्यातील साठा काही सेकंदांपुरताच असतो. त्याची सतत निर्मिती करणाऱ्या कलकणूंनी हृद्‌स्नायुकोशिकेचा सुमारे एक-तृतीयांश भाग व्यापलेला असतो. ऊर्जा पुरविणारे हे कोशिकांगच ताणाचेही एक प्रमुख उगमस्थान आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले.

कार्ल लोमान यांनी १९२९ मध्ये एटीपीचा शोध लावला. ऑक्सिडीभवनाशी निगडित अशी त्याची निर्मिती कलकणूंत होते, हे यूजीन केनेडी व आल्बर्ट लेहनिंजर यांनी १९४८-४९ मध्ये दाखविले. ऑक्सिजनाची दुसरी बाजू मात्र निराळ्या मार्गाने पुढे आली. ऑक्सिजनाची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंच्या मुळाशी मुक्त मूलके असावीत, असे रेबेका गर्शमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये सुचविले. जो मॅकॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एंझाइमाचे कार्य उघड केल्यावर अशी मूलके शरीरात नित्य निर्माण होत असली पाहिजेत, ही कल्पना दृढ झाली. १९७१ मध्ये लोशेन, फ्लोहे व चान्स यांना कबुतराच्या हृदयातील कलकणूंच्या श्वसनशृंखलेतून हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडताना आढळले.

याच सुमारास वैद्यकापुढे एक कोडे उभे होते. कुत्र्याची हृद्‌रोहिणी काही काळ बंद ठेवून पुन्हा उघडली असता कोशिकानाशाची लक्षणे अधिक झपाट्याने प्रकट होतात, असे रॉबर्ट जेनिंग्ज व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये नोंदविले होते. डेव्हिड हर्स, हंफ्री आणि पेनिसिलिनावरील कार्यासाठी १९४५ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी असलेले अर्न्स्ट चेन यांनी १९७३ मध्ये ऑक्सिजनाविना ठेवलेल्या उंदराच्या हृदयास तो एकाएकी परत दिला, तेव्हा कोशिकांतील एंझाइमे मोठ्या प्रमाणावर बाहेर पडली. जीव वाचविणारा ऑक्सिजनच इजा करतो, या विरोधाभासाला ‘ऑक्सिजन विरोधाभास’ हे नाव पडले. ‘ऑक्सिडीकारक ताण’ ही संज्ञा हेल्मूट झीस यांच्या १९८५ च्या ग्रंथाने रूढ केली. १९८७ मध्ये झ्वायर व सहकाऱ्यांनी सशाच्या हृदयात रक्तपुरवठ्यासारखा प्रवाह पुन्हा सुरू होताच वाढणारी मुक्त मूलके प्रत्यक्ष मोजली.

ही मूलके लोह व गंधक यांचे समूह असलेली एंझाइमे निकामी करतात. त्यामुळे सायट्रिक अम्ल चक्र व श्वसनशृंखला मंदावतात, इलेक्ट्रॉनांची गळती वाढते आणि दुष्टचक्र सुरू होते. त्यातच कॅल्शियम वाढले, तर कलकणूंच्या आतील पटलात रंध्रे उघडतात. मग एटीपी निर्माण करणारे एंझाइम उलट त्याचेच विघटन करू लागते. कलकणूंतील सुपरऑक्साइड डिसम्युटेज नसलेले उंदीर हृदय विस्फारून जन्मानंतर दहा दिवसांच्या आत मरतात, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. त्यांच्या हृदयातील अकोनिटेज व सक्सिनेट डिहायड्रोजनेज या दोन्ही एंझाइमांची क्रियाशीलता फार घटलेली होती.

या ज्ञानावरून प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये देण्याचा उपाय साहजिकच सुचला. परंतु त्याने अपेक्षाभंग केला. सुमारे साडेनऊ हजार व्यक्तींना सरासरी साडेचार वर्षे ई जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जीवनसत्त्वाचा हृदयविकारावर लाभ दिसला नाही. बाहेरून दिलेले द्रव्य योग्य क्षणी कलकणूपर्यंत पोहोचत नाही आणि अल्प प्रमाणातील हे रेणू कोशिकेतील संदेशवहनासही आवश्यक असतात, ही त्याची संभाव्य कारणे होत. केंब्रिज येथील मायकेल मर्फी व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अधिक नेमका दुवा दाखविला. रक्तपुरवठा बंद असताना साचलेले सक्सिनेट तो सुरू होताच वेगाने जळते व सुपरऑक्साइडचा लोट निर्माण करते. हृद्‌रोहिणी लवकर मोकळी करणे हाच हृदयविकाराच्या झटक्यावरील मुख्य उपचार आहे. मात्र त्यानंतरची पहिली काही मिनिटे कलकणूंना कशी सुसह्य करावी, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.