फायरकंट्रोल प्रकल्प

इंग्लंडमधील अग्निशमन दलांच्या नियंत्रण कक्षांसाठी ब्रिटिश सरकारने हाती घेतलेली आणि पुढे सोडून दिलेली संगणकप्रणाली-खरेदी. सुरुवात २००४ मध्ये. ४६ स्थानिक कक्ष बंद करून त्यांच्या जागी एकाच प्रणालीने जोडलेली ९ प्रादेशिक केंद्रे उभारायची, म्हणजे मोठ्या आपत्तीत एका केंद्रावर ताण आला की दुसऱ्याने दूरध्वनी घ्यायचे, अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती. खरेदीची पद्धत चुकली. प्रणालीचे कंत्राट २००७ मध्ये ‘ईएडीएस’ या कंपनीला मिळाले, पण इमारतींचे काम त्याआधीच सुरू झाले होते. प्रणाली तयार नव्हती, इमारती मात्र उभ्या राहिल्या आणि बहुतेक रिकाम्याच राहून भाडे व देखभालीचा खर्च खात राहिल्या.

मुळातली चूक याहून खोल. ज्या स्थानिक दलांनी प्रणाली वापरायची, त्यांच्यावर ती स्वीकारण्याचे बंधन नव्हते आणि त्यांना पुरेसे विश्वासातही घेतले गेले नाही. आगीची वर्दी घेऊन बंब रवाना करणाऱ्यांचे म्हणणे कंत्राटाआधीच ऐकायला हवे होते. डिसेंबर २०१० मध्ये प्रकल्प रद्द झाला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०११ च्या अहवालानुसार किमान ४६.९ कोटी पौंड वाया गेले. त्यानंतर सरकारने स्थानिक दलांना निधी देऊन आपापल्या कक्षांची सुधारणा त्यांच्याकडेच सोपवली.